पंधरा जोड्या आणि एक

मी, वय ५३ वर्षे, व्यवसाय शिवणकाम, सध्या प्राणिशास्त्र पदवीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, राहणार लाँड्रीच्या वरची खोली, घरी एकटीच, आज सायंकाळी साडेपाच वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

आमच्या वर्गाची अभ्यास सहल कालपासून येथे आली आहे. आम्ही एकतीस विद्यार्थी व एक सर. बाकी सर्व एकोणीस-वीस वर्षांचे असून मला काकू म्हणतात. आज सकाळी नऊ वाजता लाँचने खाडीतील अभयारण्याच्या बेटावर गेलो. तेथे मगरी असल्याने कोणी एकटे फिरू नये म्हणून सरांनी जोड्या लावल्या. पंधरा जोड्या झाल्या, मी उरले. सर म्हणाले, "काकू, तुम्हाला कसली जोडी? तुम्हीच आमच्यावर लक्ष ठेवा." सगळे हसले. मीही हसले.

बारा वाजता परत निघताना, बसमध्ये माझ्या मागे बसणारी मुलगी म्हणाली, "काकू, माझी दुर्बीण मनोऱ्यावर राहिली. आणता का? माझ्या पायांचे पार तुकडे पडलेत हो." मनोरा धक्क्यापासून पाच मिनिटांवर आहे. मी जाऊन दुर्बीण घेतली.

लाँच बारा वाजून वीस मिनिटांनी सुटली. लाँच गेल्यावर पहारेकरी बेटावर फेरी मारतो, त्यात मी त्याला सापडले. दुसरी लाँच चार वाजता होती व बेटावर फोन लागत नाही. त्याने मला चौकीत बसवले, आपल्या डब्यातले अर्धे जेवण दिले, चिखलात पहुडलेली मगर दाखवली. "ताई, घरी कोण कोण असतं?" असे त्याने विचारले. मगर अंदाजे नऊ फूट होती, ते मी वहीत लिहून घेतले.

साडेतीनला बस सुटताना बसचालकाने "पुढच्या सीटवरच्या बाई कुठंयत?" असे विचारले, तेव्हा मी नसल्याचे लक्षात आले, असे मला नंतर समजले. दुपारी जेवणाचे एक पाकीट जास्त झाले होते. ते कोणीतरी खाल्ले.

लाँच सुटण्याआधी पहारेकऱ्याने इशाऱ्याची शिट्टी वाजवली नाही, अशी तक्रार सरांनी ठाण्यात दिली आहे. त्यावरून त्याची नोकरी जाणार असे ऐकले. म्हणून सांगते की, शिट्टी तीनदा वाजली. मी ऐकली. त्या वेळी मी धक्क्यापासून वीस पावलांवर, झाडाआड होते. सर म्हणाले, "आपापला जोडीदार बघा. पंधराच्या पंधरा? छान." लाँचवाल्याने विचारले, "अजून कोणी?" मी मुद्दाम थांबले. कोणीतरी "काकू यायच्यात" म्हणेल, असे वाटले. दोर सोडला तरी थांबले. लाँच दिसेनाशी होईपर्यंत हाक मारली नाही.

"ताई, ओरडायचं नाही का?" असे पहारेकऱ्याने विचारले, तेव्हा शिट्टी ऐकूच आली नाही, असे मी त्याला खोटे सांगितले. सरांनाही तेच सांगितले. पहारेकऱ्याची काही चूक नाही.

दुर्बीण मुलीला परत दिली. ती "थँक्यू काकू" म्हणाली. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. घरी कोणाला कळवायचे का, असे हवालदारांनी विचारले, त्यावर नको म्हटले.

हवालदारांनी वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. 'मुद्दाम' हा शब्द खोडू का, असे त्यांनी हळूच विचारले. राहू द्या, असे मी सांगितले. बाकीही सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर उतरले आहे, म्हणून सही करते.