ईनॉकचं नाव, जेमाबाईचा मका

मंडळी, मला एक सांगा — जमीन कुणाची? आधी पाहिली त्याची, की राबला त्याची? थांबा, सातबारा काढू नका! आज ज्या मुलखात जायचंय, तिथं तलाठीच नव्हता!

अमेरिका! अडीचशे वर्षांमागची! गोरे लोक डोंगर ओलांडून रानात शिरत होते. झाडांची साल कुऱ्हाडीनं तासायची, नाव कोरायचं — झाली जमीन आपली! दुसरी रीत — झोपडी बांधा, मका पेरा — तरी आपलीच! आता भांडण होणार नाही तर काय?

ईनॉक नावाचा गडी. एका झऱ्यावर जीव जडला त्याचा! भोवतीच्या झाडांवर नाव कोरलं, नि बायकोला आणायला माघारी गेला. बायको रूथ, पोटुशी. घोड्यावर बसवून आणतोय, वाटभर सांगतोय, "पाणी काय गोड आहे, बघशील!" पोचतो तर काय — झऱ्याकाठी झोपडी! पुरुषभर उंच मका!

डोकंच फिरलं. "कोण आहे आत?"

बाहेर आली एक विधवा, मागं दोन चिमुरडी. नाव जेमायमा — आपण जेमाबाई म्हणू, म्हणजे आपल्याच आळीतली वाटेल!

"जागा माझी आहे! झाडांवरचं नाव दिसलं नाही?"

"दिसलं की! वाचता येत नाही, पण कुणाचं तरी आहे, एवढं कळलं. म्हणून त्यातलं एकही झाड तोडलं नाही. सरपणाला लांब जाते."

ईनॉकनं वळून पाहिलं. खरंच! एकूण एक झाड उभं! आता राग ठेवायचा कुठं?

"आणि दादा, पेरायला माती उकरली, तर खाली जुनी चूल निघाली. आपल्या आधी इथं कुणी जेवत होतं."

मंडळी, त्या चुलीवाल्यांना, तिथल्या मूळच्या माणसांना, कुणी विचारलं? ना ईनॉकनं, ना जेमाबाईनं! तो न्याय राहिला तो राहिलाच!

घोड्यावरून रूथच बोलली, "अहो, थंडी तोंडावर आलीय. आपल्याकडं दाणा नाही, हिच्याकडं गडीमाणूस नाही. बघताय काय? उतरवा मला!"

उतरवली! झऱ्याच्या अलीकडं जेमाबाई, पलीकडं ईनॉक, पाणी दोघांचं. हिवाळ्यात रूथला मुलगी झाली — सुईण कोण? जेमाबाई! त्या सकाळी लेकीला मांडीवर घेऊन ईनॉक मक्याची गरम पेज प्यायला, आणि निम्मं रान गेल्याचं त्याला आठवेना!

हसताय? आता तुमच्याकडं वळतो! दर नांगरटीला बांध वीतभर पलीकडं सरकवणारे इथं बसलेत — नाव घेत नाही, पहिल्याच रांगेत आहेत! उद्या वावरात जाल, तेव्हा शेजारच्या भावाला हाक मारा. त्याच्या फडक्यातली भाकरी खा, तुमची त्याला द्या. आणि मग सरकवा बांध — हात उचलतो का बघा!