पिंपाची खुर्ची

हाडांच्या दवाखान्यात, हात प्लास्टरमध्ये घातलेला बाप आणि त्याचा मुलगा यांच्यातली शांतता इतकी अवघडली होती, की समोरची म्हातारी स्वतःचा गुडघा विसरली.

“बाबा, खुर्ची देखणी होती, एवढं तरी म्हणा.”

“होती की. मी टेकेपर्यंत.”

“जुनं पिंप. लाकूडच कुजकं निघालं असेल.”

“अरे, ते पिंप मी बांधलेलं! तीस वर्षांत थेंब गळला नाही. त्याच्या लोखंडी पट्ट्या कुठायत?”

“गंजल्या होत्या. बागेत शोभेनात, म्हणून काढल्या. गोंद लावला.”

“उन्हातल्या खुर्चीला गोंद! शहाण्या, फळ्या त्या पट्ट्यांनीच आवळून धरलेल्या असतात.”

“नोकरी सोडून धंदा मांडलाय, बाबा. जरा धीर द्या.”

“देतो. अशा किती खुर्च्या विकल्यास?”

मुलाने खिशातून फोन काढला आणि गिऱ्हाइकांचे नंबर शोधत तो घाईघाईने दाराबाहेर गेला.