शिवणीतलं अक्षर

ग्रंथपाल: मग खोडा की, मामा. पेन्सिलच आहे ना? तेवढ्यासाठी जिना चढून वर कशाला आलात?

बाइंडर: खोडणार नाही, हे सांगायला आलो.

ग्रंथपाल: म्हणजे?

बाइंडर: म्हणजे हे नाही खोडणार. आणि आधीच्या चार पुस्तकांतलं खोडलं, त्याबद्दल स्वतःच्याच मुस्कटात मारून घ्यावीशी वाटतेय. दार लोटा, बाई.

ग्रंथपाल: बघू कुठलं पुस्तक. अच्छा, ती सात भागांची मालिका. पाचवा भाग. वीट आणलाय हो हिने मला. उडते साप, बोलकी झाडं आणि मनोऱ्यात कोंडलेली पोरगी! पलीकडच्या कपाटात एकेक थोर लेखक धूळ खात पडलेत आणि हिच्या मागे सत्तर जणांची यादी. शाळेतली पोरं असती तर समजू शकले असते. बँकेतली माणसं येतात, टाय लावून! काय असतं एवढं त्यात?

बाइंडर: हे सातवी नापास माणसाला विचारताय?

ग्रंथपाल: तुम्ही सातही भाग वाचलेत. डबा खाताना वाचता, मी पाहिलंय.

बाइंडर: वाचलेत. भाषा म्हणजे निव्वळ भुसा. शंभर पानांचा ऐवज आठशे पानांत फुगवलाय, म्हणून तर दर वाचणाऱ्यामागे पुस्तकाची पाठ मोडते आणि ते माझ्या टेबलावर येऊन पडतं. पण लोक काही मूर्ख नाहीत, बाई. तुम्ही पुस्तकाचं नाव बघता, मी मळ बघतो. माणूस जिथे थांबतो तिथे त्याचा अंगठा डाग सोडून जातो. उडत्या सापांची पानं कोरी करकरीत आहेत. लढायाही लोक भराभर उलटतात. सगळ्यात मळलेलं पान तिसऱ्या भागात आहे. त्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळते, आणि त्या खोलीची कडी आतून असते. झालं. ना जादू, ना तलवार. आपल्याकडे तीन प्रती आहेत. तिन्हींत त्याच पानाची चिंधी झालीय.

ग्रंथपाल: कडीसाठी?

बाइंडर: कडीसाठी. टायवाल्यांनासुद्धा तीच हवी असते. ज्याच्या घरात कडी आतून आहे, त्याला ही गोष्ट थोतांडच वाटणार.

ग्रंथपाल: टोमणे पुरे. पेन्सिलीचं काय ते सांगा.

बाइंडर: शिवणीकडच्या कडेला लिहिलेलं असतं, पानं दुमडून आत जातात ना, तिथे. नुसतं चाळून दिसत नाही. मी पाठ सोडवली की दिसतं. दर भागात एक-दोन ओळी, बारीक अक्षर. पहिल्या भागात होतं, 'दार बाहेरून लावतात.' दुसऱ्यात, 'खिडकीला फळ्या ठोकल्या.' मला वाटलं, कुणीतरी नादी लागलंय, मनोऱ्यातल्या पोरीच्या मनातलं लिहितंय. लिहितात पोरंटोरं असं. घेतलं रबर आणि केलं साफ. डाग राहू दिला नाही, वर स्वतःचीच पाठ थोपटली.

ग्रंथपाल: असेलही तसंच.

बाइंडर: मग हा पाचवा वाचा. मोठ्यानं.

ग्रंथपाल: 'भावाने फोन काढून घेतला. आठ महिने झाले. सातवा भाग मिळायच्या आत मला कुठेतरी नेऊन टाकतील. पुस्तक आता तुमच्या हातात आहे. तुम्ही कुणीही असा, पण या.'

बाइंडर: त्या गोष्टीत फोन नाही, बाई. सातही भागांत कुठेच नाही.

ग्रंथपाल: थांबा. नोंदवही बघते. पाचवा भाग शेवटी नेला होता... अरे देवा.

बाइंडर: कोण?

ग्रंथपाल: खिडकीजवळ बसायची ती. नर्सिंगचं शिकत होती. या मालिकेला हातसुद्धा लावायची नाही. शरीरशास्त्राचे ठोकळे घेऊन बसायची, बंद व्हायच्या वेळेपर्यंत उठायची नाही. मग एकाएकी यायची थांबली आणि तिच्या कार्डावर भाऊ यायला लागला. म्हणाला, बहिणीची तब्येत नाजूक असते, राजाराणीच्या गोष्टी द्या, तेवढंच मन रमतं. मी त्याला काय म्हटलं माहितेय? म्हटलं, असा भाऊ सगळ्यांना मिळो.

बाइंडर: राजाराणी होती म्हणूनच त्यानं आणून दिली. शरीरशास्त्र आणलं असतं का? आणि तिनं नेमकी हीच का मागितली असेल, सांगा. सत्तर जणांची यादी! आज तिनं परत केलं की उद्या दुसऱ्याच्या हातात. तुमचे थोर लेखक मागवले असते तर तिची ओळ कपाटात दहा वर्षं सडली असती. डोकं लावलंय पोरीनं. मधल्या मधे मी रबर घेऊन बसलोय, एवढंच तिच्या हिशेबात नव्हतं.

ग्रंथपाल: मामा, मध्ये एकदा तिनं पहिला भाग पुन्हा मागवला होता. मी हसले होते, की त्यात दुसऱ्यांदा काय वाचायचं.

बाइंडर: कुणी उत्तर लिहिलंय का ते बघायला. आणि दिसलं काय असेल? कोरं पान. माझ्या हातचं. लावा पोलिसांना फोन.

ग्रंथपाल: पेन्सिलीच्या चार ओळींवर? घरातलं भांडण निघालं तर? कोण काय वाचतं ते बाहेर सांगायचं नाही, असा इथला नियम आहे. तिचा भाऊ समितीकडे तक्रार घेऊन गेला तर माझी नोकरी...

बाइंडर: नोकरी! तिकडे खिडकीला फळ्या ठोकल्यात आणि इथे नोकरी! दहा-दहा पुस्तकं लिहून ठेवलीत लोकांनी माणुसकीवर, ती नुसती पुसून ठेवायला बसवलंय का तुम्हाला?

ग्रंथपाल: ओरडू नका. विचार करू द्या मला. तो आज येणार आहे. सहाव्या भागाची मुदत आज संपते.

(जिन्यावर पावलं वाजतात. बाइंडर पाचवा भाग एप्रनखाली सरकवतो.)

भाऊ: येऊ का, ताई? हा घ्या सहावा भाग. वेळेत आणलाय, बघा.

ग्रंथपाल: या ना. सातवा राखून ठेवलाय तुमच्या बहिणीसाठी.

भाऊ: आता नको. वाचन पुष्कळ झालं. आम्ही इथून मुक्काम हलवतोय. कार्ड बंद करून टाका.

ग्रंथपाल: असं अचानक?

भाऊ: तिला हवापालट हवा आहे. गाडी खालीच उभी केलीय. खरं सांगू, पुस्तक द्यायचं राहूनच जाणार होतं. पण राहिलं की तुमचा माणूस आठवण द्यायला घरी येतो म्हणे. उगाच कुणाला घरापर्यंत तसदी कशाला?

ग्रंथपाल: कार्ड बंद करायचं तर सभासदाची सही लागते. समक्ष. गाडीत असतील तर दोन मिनिटं वर बोलवा.

भाऊ: झोपलीय ती. औषध दिलंय. लांबचा प्रवास आहे ना.

ग्रंथपाल: मग मी खाली येते सही घ्यायला.

भाऊ: झोपलीय म्हटलं ना, ताई. बरं, पाचवा भाग जरा दाखवाल? तिला पुस्तकात काहीबाही लिहायची सवय आहे. उशीच्या अभ्र्यात पेन्सिलीचा तुकडा सापडला. आमच्यापायी तुमचं पुस्तक खराब व्हायला नको.

ग्रंथपाल: तो... तो दुसऱ्या वाचकाकडे गेला. मोठी यादी असते त्याला.

भाऊ: कुणाकडे?

ग्रंथपाल: ते सांगता येत नाही. नियम आहे.

भाऊ: नियम असावेतच. आमच्या घरातही आहेत. हे काका कोण?

बाइंडर: पुस्तकं शिवतो.

भाऊ: मग पाचवा तुमच्या हाताखालून गेला असेल. काही लिहिलेलं होतं?

बाइंडर: असेल बुवा. पेन्सिल दिसली की रबर फिरवायचं, एवढंच मला ठाऊक. निम्मे लोक रेघोट्या मारतात. त्या वाचत बसलो तर शिवायचं कधी?

भाऊ: न वाचताच खोडता?

बाइंडर: सातवी नापास आहे मी, साहेब. अक्षर काय आणि मुंगी काय, मला दोन्ही सारखंच.

भाऊ: चांगलं आहे. कमी शिकलेली माणसं सुखी असतात. आमच्याकडे तीच चूक झाली. येतो, ताई. सहीचं राहू द्या, कार्ड फाडून टाका.

ग्रंथपाल: ...गेला. मामा, आता काय करायचं?

बाइंडर: आधी सहावा इकडे द्या. पाठ मोडलेलीच आहे, चाकूची गरज नाही. हं. कोरं. हेही कोरं. पुढेही काही नाही.

ग्रंथपाल: पेन्सिल सापडली ना त्याला. कशानं लिहिणार बिचारी?

बाइंडर: थांबा. या पानाला हात लावा. खरखरीत लागतंय? खिडकीशी चला. पान तिरकं धरा, उजेड आडवा पडू द्या. नखानं कोरलंय. माझ्या डोळ्यांना नाही झेपत, तुम्ही वाचा.

ग्रंथपाल: 'पहिला भाग पुन्हा पाहिला. माझी ओळ नव्हती. कुणीतरी खोडतं. पण जो खोडतो तो आधी वाचतो. म्हणून आता...' मामा, हे तुम्हाला लिहिलंय.

बाइंडर: पुढे वाचा.

ग्रंथपाल: '...म्हणून आता तुम्हालाच लिहिते. हे रबराने जाणार नाही. बुधवारी नेतायत.'

बाइंडर: आज वार कोणता?

ग्रंथपाल: बुधवार.

बाइंडर: खाली बघा. गाडी आहे का?

ग्रंथपाल: आहे. मागच्या काचेला आतून चादर लावलीय. तो डिकीची दोरी आवळतोय. आणखी एक माणूस आहे, स्टिअरिंगवर. मी फोन लावते. लावते हो, गेली तर गेली नोकरी! पण त्यांना पोचायला वेळ लागेल... मामा? अहो, निघालात कुठे? ते दोघं आहेत, तुम्ही एकटे जाऊन काय करणार?

बाइंडर: काही नाही. गाडीपुढे उभा राहीन. म्हाताऱ्या माणसांना हॉर्न ऐकू येत नाही.