निळा लागतो ना?

औरंगपुऱ्यात मुनीबच्या रिपेरिंगच्या दुकानात माझ्यापुढं सिल्लोडचे एक आजोबा होते. त्यांच्या मोबाईलला आवाज सुधारायची छोटी डबी जोडलेली होती.

"हिच्यावर निळा दिवा लागायचा. आता हिरवाच लागतो."

"गाणं तर वाजतंय, काका."

"वाजतंय की."

"आवाजात फरक पडला का?"

"मला काहीच कळंना."

"मग निळा कशाला पायजे?"

"पोरानं पाठवली पुण्याहून. दर रविवारी फोनवर विचारतो, निळा लागतो ना? मी व्हय म्हणतो. मग तो फोन ठेवतो."

"मोबाईलच्या अपडेटनं सेटिंग बदललंय, म्हणून भारीतल्या आवाजाऐवजी साधा आवाज जातोय, त्याचा दिवा हिरवा. करून देऊ निळा?"

"हिरवा लागतोय म्हणलं, तर तो काय करंल?"

"फोनवर समजावून सांगंल. अर्धा तास तरी जाईल."

"मग हिरवाच राहू द्या."