चांगल्या डोळ्यावरची पट्टी

कोल्हापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी कोडोलीच्या सासू-सुना बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर छोटी नात पेंगत होती.

"तू कामावर गेलीस की पट्टी काढतो मी," सासू सुनेला म्हणाली. "रडती पोरगी. चांगलाच डोळा झाकायचा, ह्यो कुठला इलाज?"

"आत्याबाई, दोन्ही डोळ्यांचं जुळवून मेंदू एक चित्र करतो. हिचा मेंदू एकाच डोळ्याचं ऐकतोय. असंच चाललं तर दुसऱ्यानं कायमचं दिसायचं न्हाय."

"त्या डोळ्यात तर काय खोट दिसत न्हाय."

"खोट न्हाईच. त्याचं कुणी ऐकून घेत न्हाय, एवढंच."

नर्सनं दारातून विचारलं, "संयोगिताची पट्टी किती वेळ असते?"

"दिवसभर अस्ती की..." सासूनं सुनेकडे बघितलं. "न्हाय. हिला इचारा. आणि अनुजा, मी काढत हुतो, ते बी सांग."