तीन कुलुपांचा जनरेटर

रावेरच्या एसटीत बाळ माझ्या मांडीवर नुकतंच झोपलं होतं. पुढच्या बाकावर जळगावचे बर्फ-कारखानेवाले लोटनभाऊ शेजारच्या नानांना सांगत होते:

“नाना, आता वीज गेली तरी कारखाना थांबत नाही. तिघा कारखानदारांत मिळून एक जनरेटर घेतला. तिन्ही कारखान्यांपर्यंतच्या तारासुद्धा आमच्याच.”

“मग बठ्ठी, सगळीच चिंता मिटली! पण एखाद्यानं डिझेल जास्त जाळलं तर?”

“म्हणून तर जनरेटरच्या खोलीला तीन कुलुपं. एकेकाकडे एकेक किल्ली.”

“अरे लोटन, निघताना जळगाव स्टँडवरचे पंखे बंद पडले. वीज गेली ना!”

“अरे देवा! लग्नसराईचा सगळा बर्फ कारखान्यात पडलाय!”

“मग उतर की!”

“माझ्या एका किल्लीनं काय होणार?”

“बाकीचे दोघं कुठं आहेत?”

“पलीकडच्याच बाकावर. पण आमचं बोलणं बंद आहे. तुम्हीच विचारा ना, नाना, उतरताय का म्हणून.”