मागून कोण दाबतं

माझ्या स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत मी गॅरेजच्या बाकावर बसलो होतो. समोर मोटरसायकलपाशी एक जावई आणि त्याच्या सासूबाई उभ्या होत्या. मेकॅनिक मागच्या चाकाशी वाकला होता.

"खड्डा आला की गाडी मागून आपटते. आई मागे बसायला लागल्यापासून."

"म्हणजे माझ्या वजनाने?"

"तसं नाही हो, आई. स्प्रिंगच्या वयाने."

"हे बघा, माणूस बसला की गाडी थोडी दबायलाच हवी. फार दबली तर आपटते, दबलीच नाही तर उडवते. किती दबते ते मोजू, मग स्प्रिंग घट्ट करू. मावशी, आधी तुम्ही एकट्या बसा."

"सगळ्यांसमोर?"

"मी धरतो गाडी, आई."

"बसले बाई. दबली?"

"दोन बोटं. काहीच नाही. उतरा. आता साहेब, तुम्ही एकटे बसा."

"हेल्मेट, जॅकेटसकट?"

"रोज बसता तसेच. हं... चार बोटं."

"जॅकेट फार जड आहे हो."

"काढा मग. चारच बोटं."

"हेल्मेटही काढतो."

"चार, साहेब."

"जावईबापू, श्वास रोखून बघा जरा."

"आई, प्लीज."

"झाली स्प्रिंग घट्ट. दोघं बसा आता. वा, बेताची दबतेय."

"काल माझ्या लेकीला म्हणालात, आईंना पोहायच्या क्लासला रिक्षा लावून देऊ. आता कुणाला लावायची?"

"कुणालाच नको, आई. निघूया."

"हळू चालवा हं. माझं वजन फार आहे."